अर्थ पिन कापू नका, आधी आळ्यातला सेन्सर उपटा

पत्र: मी निफाड तालुक्यातला. द्राक्षबागेसाठी मातीतला ओलावा मोजणारं, बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र करतोय. वायफायवाल्या ईएसपी३२ चिपचं सुटं मॉड्यूल, व्होल्टेज स्थिर ठेवणारा एमसीपी१७०० रेग्युलेटर आणि १८६५०चा एक लिथियम सेल. डीप स्लीपमध्ये, म्हणजे चिप झोपलेली असताना, किती करंट खातं ते बघायला सेलची निगेटिव्ह आणि बोर्डाचं ग्राउंड यांच्यामध्ये १०० ओमचा शंट (करंट मोजायचा रेझिस्टर) घातला. ऑसिलोस्कोपची, म्हणजे स्कोपची, क्लिप सेलच्या निगेटिव्हला, प्रोबचं टोक बोर्डाच्या ग्राउंडला. बोर्डाचे संदेश बघायला, सीरियल मॉनिटरसाठी, लॅपटॉप जोडलेला, त्याचा चार्जर पलंगाजवळच्या सॉकेटला, स्कोप टेबलावरच्या एक्स्टेंशन बोर्डाला. हिशोबाने १५ मायक्रोअँप, म्हणजे दीड मिलिव्होल्टच्या आसपास यायला हवं. येतं काय, तर शून्याभोवती चार-पाच मिलिव्होल्टची लाट. चार्जर काढला की लाट जाते, पण रीडिंग १४-१५ मिलिव्होल्टवर चढतं. सेन्सरच्या दोन स्टीलच्या सळ्या खिडकीखालच्या अळवाच्या आळ्यात खोचल्यात. आई पाणी घालते तेव्हा रीडिंग २०च्याही वर जातं! एक मित्र म्हणतो, ग्राउंड लूप आहे, स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढून टाक. दुसरा म्हणतो, करंट मोजणारं आयएनए२१९चं मॉड्यूल लाव. काय करू?

उत्तर:

पहिल्या मित्राचं निदान बरोबर आहे आणि औषध जीवघेणं. अर्थ पिन काढायची नाही. थ्री-पिनचं टू-पिन करणारा तो पांढरा अडॅप्टर लावायचा नाही, पिनेवर चिकटपट्टीही गुंडाळायची नाही.

तुमच्या स्कोपच्या आत, पॉवर केबल शिरते तिथेच, एक फिल्टर असतो. त्यात फेजकडून एक आणि न्यूट्रलकडून एक असे दोन छोटे कपॅसिटर स्कोपच्या बॉडीला जोडलेले असतात. अर्थ शाबूत असतो तोवर त्यांची गळती गुपचूप अर्थच्या तारेने निघून जाते. पिन काढलीत की बॉडी २३०च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास लटकते. प्रोबची क्लिप म्हणजे हीच बॉडी. हात लागला तर झिणझिण्या येतील, आणि एखाद्या दिवशी आतलं इन्सुलेशन गेलं तर झिणझिण्यांवर भागणार नाही.

जिवाचं बाजूला ठेवलं तरी मोजमाप सुधारत नाही, उलट बिघडतं. त्या गळतीला आता जायला अर्थची तार नाही. मग ती कुठून जाईल? क्लिपमधून तुमच्या सर्किटमध्ये, शंटमधून, यूएसबीच्या तारेने लॅपटॉपमध्ये आणि तिथून चार्जरच्या अर्थला. फिल्टरचा कपॅसिटर २.२ नॅनोफॅरॅडचा धरला तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला ही गळती साधारण १६० मायक्रोअँप होते. तुमच्या १०० ओमवर त्याचे १६ मिलिव्होल्ट. आत्ता चार-पाचची लाट बघून वैतागलात, ती तिप्पट-चौपट करून घ्याल.

आता वही घ्या आणि लाल पेन. मधोमध तुमचा बोर्ड काढा, त्यातून बाहेर जाणारी प्रत्येक तार काढा, आणि ती तार शेवटी कुठे जाऊन टेकते ते बोटाने माग काढत बघा. जिथे जमिनीला टेकते तिथे लाल फुली. मी तुमच्या पत्रावरून हे चित्र काढलं. पहिली फुली स्कोपची: क्लिप, प्रोब जोडायच्या बीएनसी सॉकेटाचं बाहेरचं धातू, बॉडी, अर्थ पिन. दुसरी लॅपटॉपची: यूएसबी-सीरियलचं ग्राउंड, लॅपटॉपचं ग्राउंड, चार्जरची बारकी पिन, चार्जरची अर्थ. तीन पिनांच्या पुष्कळ चार्जरांत बाहेरच्या डीसीची निगेटिव्ह आतून अर्थला जोडलेली असते. तिसरी फुली कुठली ते तुम्हीच लिहून पाठवलंय, फक्त तिला फुली म्हणून ओळखलं नाहीत. अळवाचं आळं. सेन्सरच्या दोन सळ्यांपैकी एक बोर्डाच्या ग्राउंडला आहे आणि ती ओल्या मातीत आहे. याच्याइतकं अस्सल अर्थिंग आपण पैसे देऊनही करून घेतो.

बारीक करंट मोजताना या फुल्या शून्य किंवा एक असायला हव्यात. तुमच्याकडे तीन आहेत. दोन फुल्या झाल्या की त्यांच्यामध्ये एक बंद वळसा तयार होतो, तोच ग्राउंड लूप, आणि तुमच्या बाबतीत तो नेमका शंटमधून जातो.

पहिला वळसा स्कोप आणि लॅपटॉपचा. प्लग सॉकेटातून काढून, मल्टिमीटर ओमवर ठेवून, स्कोपच्या बीएनसीचं बाहेरचं धातू आणि प्लगची अर्थ पिन यांच्यात मोजा. एक ओमसुद्धा येणार नाही. चार्जरचं तसंच: त्याच्या बारक्या पिनेचं बाहेरचं धातू आणि अर्थ पिन. म्हणजे तुमच्या १०० ओमच्या शंटला बाहेरून, भिंतीतल्या अर्थच्या तारांमधून, अर्ध्या ओमचा एक शेजारी आडवा लावलेला आहे. १५ मायक्रोअँप कुठून जातील? जवळजवळ सगळे शेजाऱ्याकडून. शंटवर उरतात १५ मायक्रो गुणिले अर्धा ओम, साडेसात मायक्रोव्होल्ट. दीड मिलिव्होल्टच्या जागी शून्य दिसतं ते यामुळे.

मग लाट कसली? हा वळसा टेबल, भिंत, पलंग असा खोलीभर पसरलाय. त्यातून घरातल्या वायरिंगचं, ट्रान्सफॉर्मरचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र जातं. दोन चौरस मीटरचा वळसा आणि एक मायक्रोटेस्लाचं क्षेत्र धरलं तरी त्यात सहाशे मायक्रोव्होल्टच्या वर दाब निर्माण होतो. त्यात भर म्हणजे दोन वेगळ्या सॉकेटांच्या अर्थ तारांतून फ्रिज, वॉशिंग मशीन, मोटार यांची गळती वाहत असते, त्यामुळे एका सॉकेटाची अर्थ आणि दुसऱ्याची अर्थ यांत काही मिलिव्होल्टचा फरक पडलेला असतो. हा सगळा दाब येऊन बसतो कुठे? वळशातल्या सगळ्या तारा मिळून अर्धा ओम आणि शंट एकटा १०० ओम. सगळाच्या सगळा शंटवर. तेच तुम्ही स्क्रीनवर बघताय.

गणपतीच्या मंडपात हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. लॅपटॉपवरून आरती लावली की स्पीकरमधून घूं येतो, साउंडवाला येऊन लॅपटॉपचा चार्जर काढतो आणि घूं गप्प. तो ज्या वळशाला तोडतो तो हाच. फरक इतकाच की त्याचं गाणं घूं असूनही ऐकू येतं, तुमचा आकडा मात्र घूंबरोबर नाहीसाच झालेला असतो.

तुम्हीही चार्जर काढलात, लाट गेली. पण मातीचा वळसा राहिला, आणि तो जास्त गमतीचा आहे. एका टोकाला आळ्यातली स्टीलची सळी. दुसऱ्या टोकाला घराच्या अर्थिंगचा जीआय पाइप किंवा तांब्याची पट्टी, ती स्कोपच्या क्लिपपर्यंत आलेली. दोन वेगळे धातू, मध्ये ओली माती. शाळेत लिंबात तांब्याची तार आणि खिळा खोचून घड्याळ चालवलं असेल, ते हेच. अशा जोडीत काही दशांश व्होल्ट सहज तयार होतात. ०.३ व्होल्ट धरा आणि मातीचा रोध दोन हजार ओम. १०० ओमच्या शंटवर त्यातले १४ मिलिव्होल्ट येतात. तुमचं रीडिंग १४-१५. आईंनी पाणी घातलं, मातीचा रोध तेराशेवर उतरला, की तेच २१च्या घरात जातात. मी ०.३ व्होल्ट आणि दोन हजार ओम हे अंदाजाने घेतलेत, तुमच्या आळ्यात थोडे वेगळे असतील, पण पाणी घातल्यावर आकडा चढतो ही खूण दुसऱ्या कशाची असणं कठीण आहे. तुम्ही यंत्राचा करंट मोजतच नव्हता. अळवाच्या आळ्याची बॅटरी मोजत होता.

लाटेपेक्षा मला त्या शांत शून्याची आणि त्या शांत १४ची जास्त धास्ती वाटते. लाट दिसली की माणूस थांबतो, काहीतरी बिघडलंय म्हणतो. स्थिर आकडा आला की वहीत लिहून मोकळा होतो. मी झालोय. काही वर्षांपूर्वी असंच एक यंत्र, १० ओमचा शंट, स्कोप लावलेला, आणि सीरियलसाठी लॅपटॉपकडून ग्राउंड आणि टीएक्स (डेटा पाठवणारी) एवढ्या दोनच तारा. पाच व्होल्ट जोडले नाहीत म्हणजे लॅपटॉपचा संबंध नाही, अशी माझी समजूत. रीडिंग आलं दोन मिलिव्होल्ट, म्हणजे २०० मायक्रोअँप. २६०० मिलिअँप-अवरचा सेल, भागाकार केला, तेरा हजार तास. दीड वर्ष चालेल असं छातीठोकपणे सांगून आलो. तिसऱ्या आठवड्यात सेल संपल्याचा फोन. बोर्डावर एएमएस१११७ रेग्युलेटर होता, तो एकटाच काही न करता पाच मिलिअँप पितो. खरे ५० मिलिव्होल्ट होते, ते लॅपटॉपच्या ग्राउंडने वळवून नेले आणि मला दोन दाखवले. लाट बारीक होती, मी ती ॲव्हरेजिंग (बऱ्याच मापांची सरासरी) लावून पुसली होती. तेव्हापासून ॲव्हरेजिंगचं बटण मी शेवटी दाबतो. ५० हर्ट्झची लाट त्याने जाते, चोरीला गेलेला डीसी परत येत नाही.

आता तुमच्या यंत्राचं. स्लीपचा करंट मोजायला स्कोप लागतच नाही. साधा, नऊ व्होल्टच्या बॅटरीवरचा मल्टिमीटर घ्या. त्याला अर्थच नाही, त्यामुळे त्याची फुलीही नाही. मल्टिमीटर मायक्रोअँपच्या रेंजला लावू नका, २०० मिलिव्होल्टच्या डीसी रेंजला लावा, आणि शंट १०० ओमऐवजी एक किलोओमचा, एक टक्क्याचा मेटल फिल्म रेझिस्टर. एका मायक्रोअँपला एक मिलिव्होल्ट, डोक्यात हिशोब. त्या रेंजला साधा मीटरही ०.१ मिलिव्होल्ट दाखवतो, म्हणजे ०.१ मायक्रोअँप. तुमच्या १५ मायक्रोअँपला सर्किटचे फक्त १५ मिलिव्होल्ट जातील, रेग्युलेटरला पत्ताही लागणार नाही.

मायक्रोअँपची रेंज नको म्हटलं त्याला कारण आहे. त्या रेंजला मीटरच्या आत शेकडो ओमचा शंट असू शकतो आणि किती ते मीटरवर लिहिलेलं नसतं. ईएसपी३२ जागं होऊन वायफायवर बोललं की २४० मिलिअँपच्या आसपास झटका घेतं. १०० ओमवर त्याला २४ व्होल्ट लागतील, तुमच्याकडे आहेत चार. बोर्ड रीसेट होतो, पुन्हा जागा होतो, पुन्हा रीसेट, आणि मीटरवर आकडे नाचत राहतात. लोकांना वाटतं मीटर बिघडला. हीच अडचण एक किलोओमलाही आहेच, म्हणून शंटला आडवा एक साधा स्लाइड स्विच लावा. स्विचने शंटची दोन्ही टोकं जोडली म्हणजे शंट बाद, बोर्ड मजेत बूट होतो. प्रोग्रॅममध्ये झोपण्याआधी एलईडी दोनदा लुकलुकवा आणि झोपेची वेळ पाच मिनिटं ठेवा. लुकलुकलं की पाच-दहा सेकंद थांबा, स्विच उघडून ती जोडणी तोडा, रीडिंग घ्या. पाच मिनिटं संपायच्या आत स्विचने टोकं परत जोडा. विसरलात तर काही जळत नाही, फक्त बोर्ड उठायच्या प्रयत्नात गटांगळ्या खातो.

हे करताना यूएसबी-सीरियलच्या तारा पूर्ण काढा, ग्राउंडसुद्धा. लूप हे एक कारण झालं. दुसरं असं की सीरियलची लॅपटॉपकडून येणारी टीएक्स तार मोकळी असताना ३.३ व्होल्टवर उभी असते, आणि झोपलेल्या ईएसपी३२च्या पिनेतल्या संरक्षक डायोडमधून ती चिपला करंट पाजू शकते. मग सेलमधून येणारा करंट कमी दिसतो, कारण उरलेला लॅपटॉप देत असतो. आकडा पुन्हा छान, पुन्हा खोटा. झोपताना सीरियलवर बघायलाच हवं असेल तर मध्ये पीसी८१७ ऑप्टोकपलर घाला, तो तार न जोडता प्रकाशाने संदेश पलीकडे नेतो: त्याच्या एलईडीचं एक टोक रेझिस्टरमधून ३.३ व्होल्टला, दुसरं ईएसपी३२च्या टीएक्सला. ओळ शांत असताना एलईडी विझलेला, म्हणून झोपेत त्याचा खर्च नाही. ९६०० बॉडच्या वेगाला तो निभावतो, ११५२०० मागू नका.

आणि सेन्सर आळ्यातून उपटा. झोपेचा करंट मोजायला माती लागत नाही, सळ्यांच्या जागी दहा किलोओमचा रेझिस्टर लावून भागतं. माती हवीच असेल तर दह्याच्या प्लास्टिकच्या डब्यात घ्या आणि डबा लाकडी टेबलावर ठेवा. मीटर आणि सेन्सर दोन्ही असे सुटले की तुमच्या कागदावर एकही फुली राहत नाही.

दुसऱ्या मित्राच्या आयएनए२१९बद्दल. बाजारात मिळणाऱ्या मॉड्यूलवर ०.१ ओमचा शंट असतो आणि ती चिप शंटवरचा दाब १० मायक्रोव्होल्टच्या पायरीने मोजते. भागाकार करा: एक पायरी म्हणजे १०० मायक्रोअँप. तुमचे १५ त्याला शून्य तरी दिसतील नाहीतर शंभर. सोलर पॅनलचा चार्जिंग करंट मोजायला घ्या, उत्तम आहे. नॉर्डिक कंपनीचा पीपीके२ हा करंट मोजणारा मात्र याच कामासाठी केलेला आहे, २०० नॅनोअँपपासून एक अँपपर्यंत मोजतो, झोप आणि वायफायचा झटका एकाच आलेखात दाखवतो. वारंवार हे काम करणार असाल तर पैसे वसूल. पण तो लॅपटॉपच्या यूएसबीवर चालतो, म्हणजे त्याची स्वतःची एक फुली आहे. तो लावून वर स्कोपची क्लिपही अडकवलीत आणि सेन्सर आळ्यात ठेवलात, तर महागडं यंत्रही अळवाचंच गणित सांगेल.

स्कोपचं काम वेगळं आहे: जागं झाल्यावर किती वेळ, किती मोठा झटका, ते बघणं. बॅटरी किती दिवस पुरेल हे शेवटी झोपेच्या करंटइतकंच यावरही ठरतं. त्यासाठी शंट बदला, एक ओमचा लावा. २४० मिलिअँपला २४० मिलिव्होल्ट, स्क्रीनवर ठसठशीत दिसतं आणि बोर्डही उपाशी राहत नाही. इथे एकच फुली असेल, स्कोपची, म्हणजे लॅपटॉप आणि आळं दोन्ही तुटलेलं. लॅपटॉप नुसता बॅटरीवर घेऊन सुटका झाली असं समजू नका, त्याला एचडीएमआयने मॉनिटर किंवा राउटरची शील्डवाली तार लागली असेल तर अर्थ तिकडून येते.

अशा वेळी क्लिप कुठे लावायची हा प्रश्न बारीक आहे, पण मला आवडतो. तुम्ही ती सेलच्या निगेटिव्हला लावलीत. उलटं करा: क्लिप बोर्डाच्या ग्राउंडला, टोक सेलच्या निगेटिव्हला. आलेख उलटा दिसेल, स्कोपवर इन्व्हर्टचं बटण असतं. फायदा असा की बोर्ड, अँटेना, सेन्सरच्या लांब तारा हवेतून ५० हर्ट्झची गुणगुण गोळा करत असतात. क्लिप बोर्डाकडे असली की ती गुणगुण थेट अर्थला जाते, शंटमधून जावं लागत नाही. शंटच्या पलीकडे तरंगता राहतो तो नुसता सेल, आणि मुठीएवढा सेल असून असून काय गोळा करणार! एक ओमला याचा फरक दिसणार नाही, शंट मोठा झाला की दिसतो. आणि दुसऱ्या चॅनेलची क्लिप शंटच्या दुसऱ्या टोकाला चुकूनही लावू नका. दोन्ही क्लिपा आतून एकच तार आहेत, शंट शॉर्ट होईल. पॉझिटिव्हला लावलीत तर सेल शॉर्ट होईल, आणि १८६५० शॉर्ट झालेला मला बघायचा नाही.

मोजायच्या आधी दरवेळी अर्ध्या मिनिटाची एक परीक्षा घ्या. प्रोबचं टोक आणि क्लिप दोन्ही बोर्डाच्या एकाच बिंदूला लावा. शून्य यायला हवं. लाट दिसली तर ती सर्किटमधली नाही, जोडणीतली आहे. मग एकेक तार काढत जा. तार किंवा प्लग काढल्यावर लाट बदलली तर वळसा. कशालाच न शिवता नुसता हात जवळ नेल्यावर बदलली तर तो वळसा नाही, हवेतून येणारी गुणगुण आहे. तिला उपाय वेगळा: तारा आखूड करा, बोर्डाखाली सर्किटच्या ग्राउंडला जोडलेला पत्र्याचा तुकडा ठेवा. स्कोपमध्ये ट्रिगरला (लाट कशाच्या तालावर पडद्यावर धरायची ते ठरवणारी सोय) लाइन असा पर्याय असेल तर तो लावून बघा. लाट जागच्या जागी गोठली तर ती मेन्सची, म्हणजे घरच्या विजेची, सरकत राहिली तर दुसऱ्या कुणाची.

दोन पिनांच्या मोबाइल चार्जरवर बोर्ड चालवून मोजायचा मोह होईल, अर्थच नाही म्हणून. नको. त्यातही मेन्सची बाजू आणि पाच व्होल्टची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, एक नॅनोफॅरॅडमागे ७० मायक्रोअँपपर्यंत गळती. डीसीला तो भिंत आहे, ५० हर्ट्झला उघडं दार. सेलवरच मोजा.

घराचं अर्थिंग तपासलंय का कधी? प्लगात तिसरं भोक असणं आणि त्यामागे तार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जुन्या घरांत तर फारच वेगळ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन्ही आकडे २३०च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट, असं असायला हवं. न्यूट्रल-अर्थ पन्नास-साठ दाखवत असेल तर स्कोप बंद करा आणि वायरमनला बोलवा. सॉकेटात मीटरची टोकं घालायची सवय नसेल तर पहिलं मोजमापही त्यालाच करू द्या. आणि स्कोप, लॅपटॉप, सोल्डरिंग स्टेशन एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा. वळसा त्याने जात नाही, पण खोलीभर पसरलेला होता तो टेबलाएवढा होतो.

हे सगळं करून आकडा किती यावा? ईएसपी३२ डीप स्लीपला टायमर चालू ठेवून साधारण १० मायक्रोअँप, एमसीपी१७०० स्वतः १.६. बारा ते पंधरा आले तर घेऊन बागेत जा. १५ मायक्रोअँपला २६०० मिलिअँप-अवरचा सेल कागदावर एकोणीस-वीस वर्षं पुरतो, म्हणजे झोपेचा प्रश्न संपला, सेल स्वतःहून झिजेल त्याहून लवकर. आळ्याचे १४० खरे मानून बसला असता तर उगाच मोठा सेल आणि मोठं पॅनल विकत घेतलं असतं.

साठ-सत्तर आले तर घाबरू नका, आता तो आकडा खरा आहे. बोर्डावरच्या मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरकडे बघा. ४७० मायक्रोफॅरॅड, १६ व्होल्टच्या साध्या कपॅसिटरला पाऊणशे मायक्रोअँपपर्यंत गळतीची मुभा कंपनीच देते, आणि बरेच दिवस पडून राहिलेला कपॅसिटर सुरुवातीला जास्त गळतो. सेल लावून तासभर ठेवा, उतरतंय का बघा. नाही उतरलं तर एक पाय सुटा करून पुन्हा मोजा. त्यानंतर फ्लक्स. सोल्डरिंगचा पिवळा चिकटा पावसाळ्यात ओल धरतो, ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये त्याने एक मेगाओमचा पूल बांधला की ३.३ मायक्रोअँप गेले. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश.

बागेत लावल्यावर यंत्र सेलवर एकटं असेल, त्याची एकच फुली, सेन्सरची, म्हणून तिथे वळशाची काळजी नाही. पुढे कधी त्यावरून मोटारीचा स्टार्टर चालवायचं डोक्यात आलं, तर सरळ तार जोडू नका, मध्ये रिले किंवा ऑप्टो घाला. स्टार्टरच्या पेटीला स्वतःचं अर्थिंग असतं, सेन्सर मातीत असतो, आणि मोटार सुरू होताना त्या दोघांमध्ये जो फरक पडतो तो मिलिव्होल्टमध्ये मोजण्यासारखा नसतो.

आकडा आला की कळवा. कपॅसिटर कुठला निघाला तेही.